लाल ठिपका

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवली आणि त्याबद्दल दरमहा पगार घेतला. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर. भोसरीतल्या एका कारखान्यात वीस अंश तापमानाच्या खोलीत माझं टेबल होतं. ते वीस अंश माझ्या लाडासाठी नव्हते. लांबीची मापं जगभर त्याच तापमानाला धरतात. पण मायक्रोमीटरसाठी खोली गार ठेवली की आतला माणूसही फुकटात गार होतो. बाहेर एप्रिलच्या उकाड्यात टर्नर घाम पुसत पिना काढायचे, मी त्या मोजायचो आणि तीन-चार मायक्रॉन इकडेतिकडे दिसले की ऑइलपेंटचा लाल ठिपका द्यायचो. एक मिस्त्री दर वेळी म्हणायचे, "साहेब, बसतंय ना? मग माप काय बघताय?" या माणसाला ड्रॉइंगबद्दल आदर नाही, असं माझं ठाम मत होतं.

निवृत्त झाल्यावर वाटलं, जन्मभर मोजलं, आता करून बघू. वॉचमनच्या मदतीने चाळीस किलोचं छोटं लेथ ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी आणून ठेवलं. हिने विचारलं, "याने नक्की काय होतं?"

"काहीही होतं," मी म्हणालो. हे वाक्य पुढे फारच खरं ठरलं.

करायचं होतं डुलत्या सिलिंडरचं वाफेचं इंजिन. मॉडेल करणाऱ्यांच्या बिगरीच्या वर्गातलं. यात झडपांची भानगड नसते. क्रँक फिरला की अख्खं सिलिंडरच डुलतं. डुलताना त्याच्या अंगावरचं भोक एकदा आत येणाऱ्या वाफेच्या भोकासमोर येतं, एकदा बाहेर जाणाऱ्या. वाफेऐवजी सायकलच्या पंपाची हवाही चालते. बारा मिलिमीटरचं सिलिंडर, त्यात पिस्टन, एक फ्लायव्हील, मागे स्प्रिंग. ड्रॉइंग मीच काढलं आणि सवयीने पिस्टनला दोन मायक्रॉनची सूट लिहिली: ११.९९५, अधिक-उणे ०.००२. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. पण काम करणारा दुसरा कोणीतरी आहे अशा थाटात मी ते ड्रॉइंग केलं होतं.

पहिल्या दिवशी चकची चावी चकमध्येच विसरून बटण दाबलं. ही चूक करणाऱ्यांवर मी कारखान्यात एकदा भाषण दिलं होतं. चावी सुटली ती वॉशिंग मशीनच्या दारावर. तिथे आता एक खळगा आहे, आणि पाहुण्यांना तो दाखवला जातो.

पिस्टन पहिला. व्यास १२.०४५ भरला, म्हणजे पाच शतांश मिलिमीटर काढायचे. डायल पाच शतांश फिरवली. व्यास उतरला दहा शतांश. काम गोल असतं, टूल एका बाजूने जेवढं आत जातं तेवढं दोन्ही बाजूंनी कापलं जातं, ही गोष्ट पहिल्या आठवड्यातला शिकाऊ पोरगाही जाणतो. मी मुख्य निरीक्षक होतो.

पिस्टन दुसरा अगदी ११.९९५ आला. आनंदाने चहा घ्यायला गेलो. परत येऊन मोजला तर ११.९८७! कापताना पितळ तापलेलं होतं. पस्तीस अंशांनी तापलं तर बारा मिलिमीटरचा तुकडा आठ मायक्रॉन फुगतो, आणि निवला की तेवढाच आक्रसतो. गार खोलीत बसून मी नेमकं हेच इतरांना सुनावत असे. ठिपका द्यायला घरात ऑइलपेंट नव्हता. हिची नेलपॉलिश वापरली.

तिसरा मोजण्यासाठी चकमधून काढला आणि परत लावला, तो तिरका बसून अंडाकृती झाला. चौथा तोडताना पार्टिंग टूल अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून फोन आला. बाकीच्यांचं काय सांगू? लोणी वाटणाऱ्या माकडासारखा मी इकडून थोडं, तिकडून थोडं करत राहिलो. पितळ किलोवर मिळतं, त्यामुळे वाया गेलेल्याचा हिशेबही किलोतच लागला. पितळेचा कीस आमच्या टॉवेलांत, हिच्या साडीच्या काठात आणि एकदा उपम्यात सापडला. सात पिस्टन झाले, सातांवर लाल ठिपके, सगळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. पिस्टन सोडून बाकी इंजिन जुळून तयार होतं.

अशात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तेच मिस्त्री आले. हिने चहाबरोबर डबाही पुढे केला. माझी बदनामी करायची संधी ती सोडत नाही.

मिस्त्रींनी ठिपके पाहिले, हसले मात्र नाहीत. "आधी भोक केलं का दांडा?"

"दांडा."

"भोक आधी करायचं, साहेब. रीमरने पडेल ते माप आपलं. दांडा मग त्याच्या मापाने कमी करत आणायचा. भोक काय आपलं ऐकतंय होय!"

मग सिलिंडरचं एक तोंड अंगठ्याने दाबून ते एकेक पिस्टन आत सोडू लागले. काही अडकले, पहिला धपकन पडला. दुसरा मात्र दमादमाने, उसासा टाकल्यासारखा खाली गेला. त्यांनी त्याला शिलाई मशीनचं तेल लावलं, आट्यांवर दांडा फिरवून बसवला, स्प्रिंग आवळली आणि मला म्हणाले, "मारा हवा."

मी सायकलचा पंप मारला. फ्लायव्हील अर्धा फेरा गेलं, मागे आलं. मिस्त्रींनी बोटाने टिचकी दिली आणि टकटकटक करत सिलिंडर डुलायला लागलं! ही स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली.

"किती भरलाय हा?" मिस्त्रींनी विचारलं.

"अकरा नऊशे सत्त्याऐंशी," मी धापा टाकत म्हणालो. पंप थांबवला तर इंजिन थांबणार होतं.

"आणि ड्रॉइंगला?"

"कमीत कमी अकरा नऊशे त्र्याण्णव."

"मग रिजेक्ट?"

"पास हो, पास!"

"तोंडी चालत नाही," मिस्त्रींनी पत्रिका काढून रिकामं पाकीट माझ्यापुढे धरलं, खिशातलं पेन दिलं. "तुम्हीच शिकवलंय."

पंप हिच्या हातात दिला आणि पाकिटावर लिहिलं: सहा मायक्रॉन कमी, डेव्हिएशनवर पास. खाली सही, तारीख. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पत्रिका आमच्याकडे तशीच, पाकिटाविना ठेवून गेले.