बारा व्होल्टचा जावई

नाशकात विजेबद्दल कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये. इथे ज्याच्या त्याच्या घरातलं कुणी ना कुणी अंबडला नाहीतर सातपूरला, स्विचगिअरच्या कारखान्यात असतं. नाशिकरोडच्या बाजूला गेलात तर थर्मलमधून रिटायर झालेले काका गल्लोगल्ली भेटतात. थर्मल म्हणजे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. अशा काकांसमोर 'व्होल्टेज' हा शब्द जपून उच्चारावा. बोलता बोलता त्यांचा चहा थंड होतो आणि आपली बस चुकते.

आमचे दाजी त्यातलेच. २१० मेगावॅटच्या संचांवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. मेगावॅटच्या खाली जे काही असतं ते त्यांच्या लेखी केसांतून कंगवा फिरवल्यावर येणारी वीज. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "बाबा, साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस लागेल," तेव्हा दाजींनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. "आमच्या एका संचावर असे सव्वातीन लाख चालतील," एवढंच म्हणाले. मी मोबाईलवर भागाकार करून पाहिला. बरोबर होता.

प्रकरण असं, की भाच्याला ग्राफिक कार्ड बदलायचं होतं. अभ्यासासाठी. थ्री-डी अॅनिमेशनचा कोर्स लावलाय, रेंडरिंगला रात्र रात्र लागते, वगैरे. हे रेंडरिंग अकरानंतरच करावं लागतं आणि ते करताना "अरे मागून मार त्याला!" असं मित्रांना ओरडून सांगावं लागतं, इतकंच. त्याची नजर होती आरटीएक्स ५०७० वर. कार्ड एकटं २५० वॅट खातं आणि एनव्हिडियाच्या सांगण्यानुसार अख्ख्या संगणकाला ६५० वॅटचा पुरवठा हवा.

ग्राफिक कार्ड घरात येणं म्हणजे जावई येणं. मदरबोर्डची खाच त्याला फक्त ७५ वॅट वाढते. गरीब कार्डं तेवढ्यात भागवतात, पण जरा खानदानी असलं की वेगळं ताट मांडावं लागतं. सहा पिनांचं ताट ७५ वॅटचं, आठ पिनांचं १५० चं. शिवाय बसायला ऐसपैस जागा आणि वारा घालायला तीन पंखे. आणि अधिक महिना तरी पावणेतीन वर्षांनी येतो. ही मंडळी २०१८, २०२०, २०२२ अशी दोन-दोन वर्षांनी नव्या पिढीसकट दारात उभी. २०२५ ला जरा उशीर झाला, तर पोरांचे चेहरे सुतकी.

कॅबिनेटमध्ये आधीचा एसएमपीएस होता. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, अंगावर भलामोठा '४५०' आकडा मिरवणारा. दाजींनी तो हातात घेतला, वजन केलं आणि पहिल्यांदाच चष्मा लावला. आकडा कितीही मोठा असो, हाडाचा वीजवाला नेमप्लेटचं बारीक अक्षर वाचतो. बारा व्होल्टपुढे लिहिलं होतं १६ अँपिअर. "सोळ बारं एकशे ब्याण्णव," दाजी म्हणाले. "बाकीचे वॅट कुठे गेले?" ते गेले होते पाच आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर. जुन्या काळच्या संगणकांना तिथे भूक असायची. आजचा प्रोसेसर आणि कार्ड दोघेही बारा व्होल्टवरच जेवतात. म्हणजे साडेचारशेचा आव आणणाऱ्या त्या डब्यात कामाचे १९२ वॅट, तेही नेमप्लेट खरं बोलत असेल तर.

ताईचा आक्षेप निराळा होता. "साडेसहाशेचा डबा रात्रभर चालला तर बिल किती येईल?" साडेसातशे वॅटच्या मिक्सरवर रोज चटणी वाटणाऱ्या बाईनं हे विचारावं! पण प्रश्न रास्त होता आणि उत्तरही सोपं होतं. डबा साडेसहाशेचा असला तरी ओढतो तेवढंच, जेवढं आतले मागतात. खेळताना, म्हणजे रेंडरिंग करताना, सगळं मिळून चारशेच्या आसपास धरा. रोज चार तास केलं तर महिन्याला ४८ युनिट. आता महावितरणची शंभर युनिटची वेस ज्यांना ठाऊक आहे त्यांना या ४८ चं गांभीर्य सांगायला नको. ती ओलांडली की दर अशी उडी मारतो की पंखा बंद करून झोपावंसं वाटतं. ताईनं तहाची कलमं ठरवली: कार्ड आण, पण गीझर तुझ्यापुरता बंद.

दाजींना मात्र आता वेगळीच खोड लागली होती. बारा व्होल्ट! जन्मभर त्यांनी याच्या उलट केलेलं. एकलहऱ्याचं जनित्र १५.७५ किलोव्होल्टला वीज काढतं, ती चढवून २२० किलोव्होल्टवर नेतात, ती एवढ्यासाठी की व्होल्टेज वाढलं की करंट घटतो आणि करंट घटला की तारा तापत नाहीत. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट तर ताप चौपट. आणि इथे, राज्यभर उंचावरून आणलेली वीज शेवटच्या वीतभर अंतरात बारा व्होल्टवर आपटायची! दोनशे तीस व्होल्टला जे २५० वॅट जेमतेम एक अँपिअर मागतात, तेच बाराला एकवीस. "एवढ्या करंटला आम्ही बोटाएवढी केबल टाकली असती," दाजी म्हणाले. भाच्यानं रिबिनीएवढी केबल दाखवली. दाजी गप्प झाले. हे क्वचित घडतं.

मग भाच्यानं, बापावर छाप पाडायला, २०२२ ची गोष्ट सांगितली. तेव्हा आरटीएक्स ४०९० आलं, दीड लाखाच्या पुढचं, ४५० वॅटचं. त्याला सोळा पिनांचा नवा इवलासा कनेक्टर दिला होता, ६०० वॅट पेलणारा. महिन्याभरात जगभरातून वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो यायला लागले. दाजींनी पाकिटावर हिशेब मांडला. जुन्या आठ पिनांत तीन तारा बारा व्होल्टच्या, प्रत्येकीवर जेमतेम सव्वाचार अँपिअर. नव्यात सहा तारांवर पन्नास, म्हणजे प्रत्येकीवर सव्वाआठाच्या वर, आणि पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. "मार्जिनच ठेवलं नाही लेकाच्यांनी!" थर्मलवाला माणूस मार्जिनशिवाय जिना उतरत नाही.

"पण कारण काय निघालं?"

"प्लग पूर्ण आत बसवले नव्हते, असं कंपनी म्हणाली. नंतर डिझाइन बदललं. खुणेच्या पिना आखूड केल्या. प्लग अर्धवट राहिला तर कार्ड वीजच मागत नाही."

दाजींचा चेहरा उजळला. "म्हणजे लूज कॉन्टॅक्ट."

कॅलिफोर्नियातले इंजिनिअर, दीड लाखाचं कार्ड, आणि रोगनिदान तेच, जे वळवाच्या पहिल्या सरीत डीपी उडाल्यावर जेलरोडचा वायरमन खांबावर न चढता खालूनच करतो. त्या दिवसापासून दाजी ग्राफिक कार्डाला घरचं मानायला लागले.

खरेदीला आम्ही तिघं एमजी रोडला गेलो. दुकानदारानं नवा ६५० चा एसएमपीएस काढला, तोपर्यंत ठीक. केबल आखूड पडेल म्हणून त्यानं ड्रॉवरमधून दुसऱ्याच कंपनीची लांब केबल उपसली. "बसतेय ना? मग चालतंय." प्लग बसतो हे खरं. पण एसएमपीएसच्या बाजूचा पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले की हार्ड डिस्कचे दिवस घालावे लागतात. दाजी काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "फेज न बघता जोडता होय तुम्ही?" पुढची वीस मिनिटं त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही. अखेर डब्यातल्याच केबली घ्यायच्या ठरल्या, आणि एकाच केबलीची दोन तोंडं न वापरता दोन स्वतंत्र केबली. दाजींच्या भाषेत दोन फीडर.

जोडणीच्या रात्री दाजींनी प्लग स्वतः दाबला. 'टक' आवाज आला, तरी ओढून पाहिला, टॉर्च लावून फट राहिली नाही ना तेही पाहिलं. अर्ध्या तासानं केबलला उलटा हात लावून म्हणाले, "कोमट. ठीक आहे." मग खुर्ची ओढून रेंडरिंग बघत बसले. मागून मारायचं कुणाला, हे आता तेच सांगतात.

भाच्यानं परवा हळूच ५०९० चा विषय काढला. ५७५ वॅट. दाजींनी पाकीट पालथं घातलं, भागाकार केला. अठ्ठेचाळीस अँपिअर.

"आण," ते म्हणाले. "आधी महावितरणला थ्री फेजचा अर्ज टाकू."

ताई अजून विचारतेय, की हे विनोदानं म्हणाले की काय. अर्जाचा नमुना दाजींनी मलाच डाउनलोड करायला सांगितलाय, म्हणून मी काही बोलत नाही.