कुंपणावरची रसभरी

वहिनी, थांबा! तुमच्या बाजूला पडलेल्या रसभऱ्या खुशाल वेचा, पण झाडावरची हिरवी तोडायची नाही हं. परवा तुमच्या नातवाने ओंजळभर तोडली होती, मी काढून घेतली. रागावले नाही हो! टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं झाड हे, कच्चं फळ आणि पाला पोटाला बाधतो. पिकलं की फळ आपणच गळतं. वरची पिशवी वाळून भुरकट झाली आणि आत नारिंगी दिसलं, की खायचं.

त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंचं कळलं ना? पिशवीसकट मिक्सरला लावली म्हणे! चटणी कडूजहर, आणि दोष रोपं देणाऱ्याला.

आमच्या माहेरी, निफाडकडे, पावसाळ्यात बांधावर पोपटी उगवायची. तिची पिशवी कपाळावर फट्‌कन फोडायची, हा आमचा खेळ. रसभरी तिच्याच जातीची, पण मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली. नाशिकची थंडी तिला मानवते. मात्र निफाडला कधी कधी दव गोठतं ना, तशा पहाटे झाकावी लागते, नाहीतर होरपळते.

लावायला काही कठीण नाही. जूनअखेर बी टाकायचं, रोप वीतभर झालं की तीन-तीन फुटांवर लावायचं. शेणखत बेताने, जास्त झालं की नुसता पाला माजतो. आणि तुमच्या टोमॅटोच्या वाफ्याशेजारी नको, पांढरी माशी दोघांवरही बसते.

आता माझी चटणी ऐका. सोलल्यावर फळ चिकट लागतं, म्हणून आधी धुवून घ्या. तेलात मेथीदाणे, हिंग, हिरवी मिरची. रसभऱ्या टाकून झाकण ठेवलं की आत पटापट फुटतात, रस सुटतो. मग गूळ आणि मीठ. बिया करकरतात, पण गाळू नका, मजा त्यातच आहे. बाजरीच्या भाकरीबरोबर टोमॅटोची चटणी हिच्यापुढे पाणीकम. जॅम केलात तरी पेक्टिन फळातच भरपूर असतं, वेगळं घालावं लागत नाही.

उरलेली पिशवीसकट परडीत ठेवा, काही आठवडे टिकते. बी हवं असेल तर चांगलं पिकलेलं फळ पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी सावलीत वाळवून पुडीत बांधा. आणि जूनपर्यंत कुंपणालगतची ती उन्हाची जागा मोकळी ठेवा, तिथे पुन्हा कढीपत्ता लावू नका.