मा. शून्यसाहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. शून्य यांसी,
मुक्काम : डायलचे शेवटचे भोक, नवाच्या पलीकडे.

स. न. वि. वि.

आपल्या बढतीबद्दल अभिनंदन करायचे राहूनच गेले. १५ जानेवारी २०२१ पासून देशातल्या कुठल्याही लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावायचा तर आधी आपली भेट घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्याच्याही पुढची शिफारस केली : लँडलाइनवरून लँडलाइनला, अगदी गावातल्या गावातसुद्धा, आधी शून्य, मग एसटीडी कोड, मग नंबर. म्हणजे सदाशिव पेठेतल्या काकूंना नारायण पेठेतल्या जावेची खुशाली विचारायची असेल, तरी वाट आपल्याच दारावरून जाणार. ज्याची स्वतःची किंमत काही नाही, त्याने एवढी मजल मारावी, याचे आम्हा लँडलाइन अजून न काढलेल्या मंडळींना कौतुक आहे. थोडे पोटातही दुखते आहे, तेही सांगतो.

आपले मूळ काम चोपदाराचे. परगावचा कॉल आला की ललकारी द्यायची आणि बाजूला व्हायचे. १९६० साली लखनौ-कानपूर एसटीडी सुरू झाली. त्याआधी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून बसायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. जसा पैसा तशी घाई. ठरावीक माणूसच हवा असेल तर पीपी. एसटीडी आली, ऑपरेटरबाईंची विनवणी संपली आणि त्यांच्या जागी आपण उभे राहिलात.

गोल डायलच्या फोनवर आपल्याइतके मंद कोणी नव्हते. एक फिरवला की एक ठोका, नऊ फिरवला की नऊ. आपल्याला मात्र दहा लागत. सगळी चकती ओढून न्यायची आणि ती करकरत परत येईपर्यंत थांबायचे. तेवढ्या अवधीत माजघरातून आवाज यायचाच : “कोण रे तो, एसटीडी लावतोय?” म्हणून तर डायलच्या भोकात इवलेसे कुलूप आले. बटणांचे फोन आल्यावर ते गेले आणि त्याच्या जागी एसटीडी लॉक आला. कचेऱ्यांत तर आपण हुद्द्याची खूण झालात. हेडक्लार्कच्या फोनला ‘झिरो’ आहे आणि आपल्या नाही, यावरून माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी तुटक वागली. एवढा मान त्या काळी नऊलाही नव्हता.

एक गोष्ट मात्र मान्य. आपल्या मागे जी मांडणी होती, ती देखणी होती. मुंबईचा कोड २२ आणि नंबर आठ आकडी. कोल्हापूरचा २३१ आणि नंबर सात आकडी. साताऱ्याचा २१६२ आणि नंबर सहा आकडी. आपल्याला वगळून बेरीज केली की सगळीकडे दहाच. गाव लहान तितका कोड लांब आणि नंबर आखूड. ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. पुण्याचा कोड एके काळी ०२१२ होता, मग ०२० झाला आणि पुणेकरांना आपण मुंबईच्या पंगतीत बसल्याचे समाधान मिळाले. (ते अर्थात आधीपासूनच तसे समजत होते.)

मग २००२च्या आसपास दोनची लाट आली. खासगी कंपन्यांना लँडलाइनचे नंबर द्यायचे होते, तेव्हा सरकारी कंपन्यांच्या सगळ्या नंबरांपुढे एकेक २ बसवण्यात आला. मुंबईचे सात आकडी नंबर आठ आकडी झाले. त्या काळच्या खुणा अजून सापडतात. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याची पाटी बघा : पेंटरने पिवळ्या रंगात, सावली देऊन, ऐटीत काढलेला जुना नंबर, आणि त्याच्या डावीकडे ‘फोन’ या शब्दाला चिकटून पुढे कधीतरी पांढऱ्या ऑइलपेंटने कोंबलेला किरकोळ २. जागा नव्हती म्हणून तो जरा तिरका झाला आहे. घरोघरच्या डायऱ्यांत हेच काम लाल बॉलपेनने झाले. तरी दोनने शहाणपणा दाखवला. तो सगळ्यांच्या पुढे, एकाच जागी, एकदाच बसला. लग्नपत्रिकेवर जुना नंबर छापला गेला असला तरी पाहुणा आपला आपण दोन लावून घ्यायचा. दोनला नियम होता, साहेब. आपल्याला फक्त प्रसंग होते.

त्याच सुमाराला आपला अपमानही झाला. राज्यातल्या राज्यात फोन करताना आपल्याऐवजी ९५ लावा, असे फर्मान निघाले. पुण्याहून मुंबई ९५२२, मुंबईहून पुणे ९५२०. दर कमी, म्हणून लोकांनी आनंदाने आपल्याला सोडले. पुढे मोबाइलवाल्यांना नऊची सगळी आळी हवी झाली, ९५ला जागा रिकामी करावी लागली, आणि आज त्या जागेवर ९५ने सुरू होणारे मोबाइल नंबर नांदताहेत. आपण मात्र काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत कामावर हजर.

२०२१ला आपल्याला का बोलावले, ते आम्हाला कळते. मोबाइलचे नंबर नवापासून सुरू झाले, मग आठ, मग सात, मग सहा असे खाली उतरत आले. त्याखालचे आकडे लँडलाइनने अडवलेले. एक्स्चेंजला पहिल्या आकड्यावरूनच ओळखावे लागते, की हा नंबर गावातल्या लँडलाइनचा की मोबाइलचा. मोबाइलच्या आधी शून्य सक्तीचे केले की ही ओळख पटवायचे काम आपण करता, आणि खालच्या आकड्यांतल्या रिकाम्या जागाही मोबाइलला मोकळ्या होतात. हिशेब असा, की आपल्या एका उपस्थितीने २५४ कोटी ४० लाख नवे नंबर निघतात. हिशेबात खोट नाही. मोबाइलचा नंबर अकरा आकडी करा असे कोणी सुचवले असते, तर शंभर कोटींहून जास्त नंबर बदलावे लागले असते. मे २०२०मध्ये अकरा आकडी नंबर येणार अशा बातम्या आल्याही, आणि ट्रायला खुलासा करावा लागला. त्याआधी २०१८ला तेरा आकड्यांची अफवा होती. ते तेरा आकडे यंत्रांनी यंत्रांशी बोलायच्या सिमसाठी होते, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

तर दुखणे हिशेबाचे नाही, तो चुकता करणाऱ्याचे आहे. २००६च्या सुमाराला देशात लँडलाइन पाच कोटींच्या घरात होत्या. २०२०पर्यंत दोन कोटींच्या आसपास उरल्या. गर्दी वाढली मोबाइलची आणि सरकून बसायला सांगितले लँडलाइनला. मोबाइलवाल्याने या सगळ्यात एक बोटही जास्त हलवले नाही. जादा आकडा आला तो सत्तरीच्या पुढच्या बोटाला, जे आधीच चष्मा शोधत असते. ते शून्य विसरले की रेकॉर्डवरची बाई शांतपणे पुन्हा लावायला सांगते. २०२५ची शिफारसही त्याच घरी येऊन टेकते. देशाचे अडीच हजारांहून जास्त छोटे विभाग पाडले आहेत. एका विभागात नंबर पडून आहेत, दुसऱ्यात कमी पडताहेत, आणि कोड आडवा येत असल्यामुळे इकडचे तिकडे नेता येत नाहीत. म्हणून कोडसकट दहा आकडे फिरवायची सवय लावायची आणि नंबर तालुक्याच्या दाव्यातून सोडवायचे. ठीक आहे. आमचा नंबर बदलणार नाही, फक्त लावायची रीत बदलेल, असेही सांगितले आहे. पण अशाने ०२३१ म्हटल्यावर कोल्हापूर डोळ्यांपुढे येणे किती दिवस टिकेल, हे आपणच सांगावे. मोबाइल नंबरावरून माणूस कुठला हे कळत नाहीच. जानेवारी २०११ला देशभर पोर्टिंग आल्यापासून कंपनी कुठली तेही कळेनासे झाले.

विनंती एवढीच, की पुढची बढती घेताना एखादे काम मोबाइलकडेही सोपवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक लँडलाइनधारक

ता. क. : आमच्या ऑफिसात बाहेरची लाइन मिळायला एक शून्य लागते. मोबाइलसाठी आता त्यावर दुसरे. घरच्या फोनवर मात्र दोन शून्ये लावली की थेट आयएसडी. परवा शिपाई ऑफिसातून प्लंबरला लावत होता, त्याच्या सवयीने एकच शून्य लावून. तळमजल्यावर पाणी घोट्यापर्यंत होते. किती शून्यांना नळ दुरुस्त होतो, त्याचा तक्ता भिंतीवर लावायला पाठवून द्यावा.