पाणंद पाहावी गाडी घालून

लातूरहून नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ प्रवासवर्णनाच्या दृष्टीनं अगदी कुचकामी आहे. चाकूर येतं, अहमदपूर येतं, लोहा येतं आणि नांदेड येतं. मध्ये काही घडतच नाही. प्रवासाबद्दल चार ओळी लिहायची ज्याला हौस असेल, त्यानं अहमदपूरच्या अलीकडं-पलीकडं कुठंही डांबर सोडावं आणि चाक खाली पाणंदीत उतरवावं. दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, मधोमध खोल चाकोऱ्या, चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट खरवडणारं गवत आणि या सगळ्यावर घोटाभर फुफाटा, असा थाट लगेच सुरू होतो. काच वर करावी तर उकडून जीव जातो, खाली करावी तर अर्ध्या तासात माणूस स्वतःच्या आधार कार्डावरच्या फोटोसारखा दिसायला लागतो. पाणंदीच्या तोंडाशी एखादे मामा बसलेले असतातच. "मामा, हा रस्ता पुढं निघतो का?" असं विचारलं की ते आधी गाडीकडं बघतात, मग चाकांकडं, मग विचारणाऱ्याच्या बुटांकडं आणि सावकाश म्हणतात, "रस्ता निघतंय की. तुमची गाडी निघंल का न्हाई, ते बगा." गाडीच्या कंपनीनं दिलेल्या जाडजूड पुस्तकात इतका नेमका सल्ला कुठंही सापडत नाही.

अशा रस्त्यांवर गाडी घालण्यासाठी जगभरातली माणसं रजा टाकतात, कर्ज काढतात आणि वर परवाना मागायला रांगेत उभी राहतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅन्यनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या लालभडक दऱ्यांच्या कडेनं 'व्हाइट रिम' नावाचा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो आणि त्यावर चारही चाकांना जोर असलेली गाडीच चालते. आपल्याकडं वाळवंट कुठलं आणि दरी कुठली, अशी शंका कुणी काढेल. वाळवंटाचा दाखला लातूरला रेल्वेनं दिलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून पहिली गाडी लातूरला आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहराला प्यायचं पाणी रुळांवरून आणावं लागलं, त्याच्याकडं आणखी कागद मागू नयेत. दरीचं म्हणाल, तर इथं दरी बघायला रस्त्यानं जावं लागत नाही, रस्ताच दरी असतो. गाडीचं चाक माती भुगा करतं, पाऊस तो भुगा वाहून नेतो, पुढच्या उन्हाळ्यात चाक पुन्हा कामाला लागतं. असं वर्षानुवर्षं झालं की शेतं खांद्याच्या उंचीवर राहतात आणि पाणंद खाली जाते. कोलोरॅडो नदीला दरी कोरायला लाखो वर्षं लागली. आपल्या बैलगाडीनं आणि मृगाच्या पावसानं तेच काम, लहान प्रमाणात का होईना, काही पिढ्यांत उरकलं आणि तेही निविदा न काढता. पावसाळ्यात पाणंदीचा ओढा होतो, उन्हाळ्यात ओढ्याची पाणंद होते. दोघांनी आपसांत पाळ्या वाटून घेतल्या आहेत.

देखावाही कमी नाही. एका दिवसाच्या फेरीत चाकाखालची जमीन तीनदा रंग बदलते. लातूरच्या बाजूला बेसाल्टाच्या जुन्या लाव्ह्यापासून झालेली काळी माती. उदगीर-निलंग्याकडं, बिदरच्या पठाराला लागून, तांबडा जांभा. आणि देगलूर-बिलोलीकडं गेलं की लाव्ह्याचं राज्य संपतं, त्याच्याही खालचा पुरातन ग्रॅनाइट वर येतो आणि गोलगरगरीत शिळा एकमेकींवर अशा बसलेल्या दिसतात की पुलाखालून जाताना माणूस आखडून घेतो, तशी मान आपोआप आखडून घेतली जाते. मध्ये बालाघाटचे माळ, औशाजवळची खरोशाची लेणी, उदगीरजवळ हत्तीबेट, कंधारचा किल्ला, लिंबोटीचं धरण. वर किनवटच्या अंगाला पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून उडी घेते. हरभऱ्याच्या शेतातून रोही डोकं वर काढून बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर सातबारा आपल्याच नावावर असल्याचा भाव असतो. तेव्हा नांदेड-लातूरच्या पाणंदी युटाच्या रस्त्यांच्या पंक्तीला बसवायला सौंदर्याची अडचण मुळीच नाही. तरीही एकाला जग 'रम्य' म्हणतं आणि दुसऱ्याला गावकरी 'जीवघेणा' म्हणतात, हा भेद येतो कुठून? माझं म्हणणं असं की रस्ता रम्य असणं हा रस्त्याचा गुणच नव्हे. तो प्रवाशाच्या सवडीचा गुण आहे.

पहिला पुरावा मातीचाच घ्या. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी लागलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन बूट काढून घेते. गंमत म्हणजे युटातल्या कॉटनवुड कॅन्यनसारख्या रस्त्यांवरची बेंटोनाइट चिकणमातीही मुख्यतः याच खनिजाची असते. म्हणजे रुतण्याच्या बाबतीत अमेरिका आणि अहमदपूर सख्खे भाऊ. तिथं मात्र पावसात या रस्त्यावर जाऊ नका, अशी सूचना असते. पर्यटक ती वाचतो, गाडी वळवतो आणि कॉफी पितो. इथं सूचना लावून उपयोग नाही, कारण वाचणाऱ्याचं सोयाबीन सूचनेच्या पलीकडं आहे. परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी हे दोघं दरवर्षी एकाच मुहूर्तावर येतात. मळणी यंत्र बनीमीपर्यंत, म्हणजे काढलेल्या पिकाच्या ढिगापर्यंत, पोचत नाही, बनीम यंत्रापर्यंत येत नाही आणि मालक मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये अडकलेला असतो. त्याच्या पुढच्या चाकावर चिखलाचा एक थर चढतो, त्यावर दुसरा. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बुजते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग तो उतरतो, बाभळीची काडी मोडतो, चिखल उकरून काढतो, बसतो, थोडं पुढं जातो आणि पुन्हा उतरतो. अशा वेळी त्याला कुणी आजूबाजूच्या हिरवाईबद्दल विचारू नये; त्याच्या हातात काडी असते.

दुसरा पुरावा खुद्द युटाच्या इतिहासात आहे. ते प्रसिद्ध रस्ते पर्यटकांसाठी कुणी बांधलेच नव्हते. व्हाइट रिमवर उतरणारी शेफर नावाची नागमोडी वाट आधी गुराढोरांची होती. पुढं १९५० च्या दशकात अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं झालं, तेव्हा तिच्यावरून मालमोटारी धावू लागल्या आणि व्हाइट रिमचा रस्ता तर तिथल्या अणुऊर्जा आयोगानं युरेनियम शोधण्यासाठीच काढला. त्या मालमोटारीचा चालक कड्याच्या टोकावर स्टिअरिंग फिरवताना सूर्यास्ताचे फोटो काढत असेल, असं वाटत नाही. युरेनियमची धामधूम ओसरली, १९६४ मध्ये उद्यान झालं आणि कड्यावरच्या त्याच वळणांना लोक 'अहाहा' म्हणायला लागले. रस्त्यावरून पोट भरणं थांबलं की रस्ता रम्य होतो. आपल्या पाणंदीला अजून ही निवृत्ती मिळालेली नाही. कारखान्याचं धुराडं पेटलं की तिच्यावरून उसाच्या ट्रॉल्या निघतात. वाट धड नसेल तर ऊसतोडीची टोळी फडात शिरायला तयार होत नाही आणि मुकादमाची मनधरणी वेगळीच करावी लागते. नोकरीत असलेल्या माणसाला कुणी 'काय सुंदर म्हातारपण' असं म्हणत नाही, हे इथंही लागू आहे.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याला सौंदर्य कळत नाही असंच तुम्हाला सुचवायचं आहे. मुळीच नाही, उलट माझा सगळ्यात भक्कम पुरावा शेतकऱ्याचाच आहे. मार्गशीर्षातल्या दर्शवेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे आणि सगळी गर्दी पाणंदीत. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांची गाठोडी मांडीवर घेऊन आख्खी घरं शेताकडं निघतात. पुण्याला नोकरी करणारे भाचे नव्या कोऱ्या गाड्या घेऊन येतात आणि मामाच्या पाणंदीत गाडीचं पोट घासून घेतात. समोरासमोर दोन गाड्या आल्या की मागं कुणी यायचं यावर दोन्ही बाजूंची खानदानं एकमेकांची विचारपूस करतात आणि बहुधा नातं निघतं. त्या दिवशी त्याच चाकोऱ्या, तोच फुफाटा, तीच बाभूळ. आणि तोच शेतकरी कडब्याच्या कोपीपाशी उभा राहून पाहुण्याला हात करून शिवार दाखवतो. रस्ता बदललेला नाही. त्या दिवशी त्याला कुठं वेळेत पोचायचं नाही आणि काही न्यायचं नाही, एवढाच फरक. सवड मिळाली की त्यालाही पाणंद रम्य वाटते. ती वर्षातून एकदा मिळते, ही त्याच्या सौंदर्यदृष्टीची चूक नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पाणंद अरुंद केली कुणी? शेतकऱ्यांनीच ना? गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेल्या गाडीमार्गाला साडेसोळा ते एकवीस फूट रुंदी सांगितलेली आहे आणि एकेरी तुटक रेषेच्या पायवाटेला सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गाडीमार्गाची पायवाट आणि पायवाटेची धुऱ्यावरची कसरत झालेली असते. दरवर्षी नांगराचं एक तास रस्त्यात सरकतं. डावीकडचा उजवीकडच्याकडं बोट दाखवतो आणि उजवीकडचा नकाशाकडं. हा आरोप खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. पण जो आपल्या बांधाला पाणंद नांगरतो, तोच दुसऱ्या गटातल्या आपल्या तुकड्याकडं जाताना पुढच्याच्या बांधाला अडकतो आणि वाटण्या होत होत जमिनीच्या चिंध्या झाल्यावर अशी दुहेरी भूमिका गावात जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. म्हणून तर कायदे आहेत. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३. अर्ज, नोटीस, स्थळपाहणी, पंचनामा, आदेश, अपील. पंचनाम्याला साहेबांना शेतापर्यंत यावं लागतं आणि तिथवर गाडी जात नाही, हाच खरं तर पंचनामा. किल्लारीची गोष्ट तर याहून बोलकी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथली गावं नव्या जागी ऐसपैस वसवली गेली. शेतं मात्र जुन्या जागीच राहिली. घरापुढचा रस्ता सुधारला आणि शेताचा लांबला.

तिसरा आक्षेप शहरातून येतो आणि तो नेहमी मोठ्या प्रेमानं येतो. रस्ते पक्के केलेत तर सगळी मजा जाईल. त्यापेक्षा पर्यटन वाढवा, गावात पैसा येईल. पाणंदीतल्या पर्यटनाचं अर्थशास्त्र सोपं आहे. हौशी गाडी येते, रुतते, ट्रॅक्टरवाला साखळी लावून ती ओढून काढतो आणि जे हातावर ठेवलं जातं तोच त्या दिवसाचा गावाचा पर्यटन महसूल. त्यावर कुणाचं पीककर्ज फिटल्याचं ऐकिवात नाही. आणि मजेचं म्हणाल, तर मजा पुरून उरेल. माहूर-किनवटच्या रानात कुणाचं सोयाबीन अडलेलं नाही अशा वाटा आहेत. हौशी लोकांनी वन खात्याला विचारून खुशाल तिकडं जावं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी पोटासाठी खडी फोडली आणि रस्त्यांची कामं केली, म्हणजे न्यायला शेतात माल नव्हता तेव्हा रस्ते झाले. आता माल आहे. २०२१ मध्ये शासनानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, ती रोजगार हमीच्या जोडीनं चालवायची ठरली. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोन्ही बाजूंना चर काढायचे आणि ओढ्यावर नळकांडी घालायची, एवढंच हे शास्त्र आहे. यातला चर राहिला की पहिल्या पावसात मुरूम खालच्या शेतात मुक्कामाला जातो आणि दरी कोरायचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तेव्हा निर्णय सौंदर्याच्या बाजूनं करायचा की सोयाबीनच्या, हा वादच चुकीच्या जागी मांडलेला आहे. सौंदर्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतं आणि मुरूम टाकल्यानं ते पळून जात नाही. उलट नजर चाकोरीवरून उचलता आली तर ते जास्त दिसतं. ज्याला पाणंद आहे तशीच राहावी असं मनापासून वाटतं, त्यानं एक करावं. ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, पोत्यांनी भरलेली ट्रॉली एकदा पाणंदीतून बाहेर काढून दाखवावी. त्यानंतरही रस्ता रम्य वाटला, तर त्यानं तहसीलदारांना तसं रीतसर निवेदन द्यावं. तहसील कार्यालयापर्यंत डांबरी रस्ता आहे, अडचण येणार नाही.