कडबोळ्याचे गुण

आमची भाची बोलण्याचं शिक्षण घेते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी तिच्याकडे आणि मग आमच्याकडे कणवेनं बघतो. मग खुलासा करावा लागतो: तिला बोलता येतं, चांगलं खणखणीत येतं, ज्यांना येत नाही, किंवा येत होतं ते मध्येच थांबलं, त्यांच्यासाठी ती शिकते. इंटर्नशिप धरून चार वर्षं बीएएसएलपी ही पदवी आणि आता वर दोन वर्षं एम.एस्सी. शेजारच्या काकूंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "सहा वर्षं? आमचा नातू तर तिसऱ्या वर्षी ऐकेना इतका बोलायचा." काकूंचं चुकत नाही. बहुतेक बाळं जे काम फी न भरता, दुपारच्या झोपा सांभाळून उरकतात, त्यावर मोठ्या माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहावेत, यात काहीतरी लाजिरवाणं आहेच.

भाची सुट्टीला आली की तिचा अभ्यासक्रमही पंगतीला बसतो. गिळणंसुद्धा याच विषयात मोडतं, हे मला तेव्हा कळलं. आजीनं चहात खारी बुडवली की ही आपला चहा सोडून आजीच्या गळ्याकडे टक लावते. एकदा तिनं चार बोटं त्या सुरकुतलेल्या गळ्यावर हलकेच टेकवली, तर्जनी हनुवटीखाली आणि करंगळी पार तळाशी, आणि म्हणाली, "आजी, आता गिळ." स्वरयंत्र वर उचललं गेलं, खाली आलं, आणि त्याच्यासोबत तुळशीची माळ इवलीशी चढून उतरली. एवढ्याशा घोटासाठी म्हणे मेंदूतून निघालेल्या नसांच्या पाच जोड्या राबतात आणि श्वास क्षणभर अदबीनं थांबतो. पक्षाघातानंतर पुष्कळांना शिऱ्यापेक्षा साधं पाणी जड जातं. ते इतक्या घाईनं उतरतं की श्वासनलिकेचं दार मिटायला फुरसतच मिळत नाही. म्हणून कित्येकांना पाणी मुद्दाम घट्ट करून द्यावं लागतं. आजीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पिऊ का आता? निवला की गं." त्या संध्याकाळी मला मात्र एकही घोट बेसावधपणे गिळता आला नाही.

या विद्येत मुद्दाम अडखळण्याचाही गृहपाठ असतो. विद्यार्थ्यानं चारचौघांत तोतरं बोलायचं आणि लोक आपल्याशी कसे वागतात ते अंगावर घेऊन बघायचं. भाचीनं मुंबई सेंट्रलजवळची वडापावची एक गाडी निवडली आणि "दोन व… व…" अशी सुरुवात केली. मागच्या गृहस्थांनी तिचं वाक्य पूर्ण केलं, त्यांच्या मागच्यांनी त्यात सुकी चटणी घातली, आणि गाडीवाल्यानं कागदात बांधूनही दिलं. सगळी माणसं भली होती. तिला नुसते वडे हवे होते. पाव पदरात पडले ते वेगळेच.

ही विद्या उभी करणाऱ्यांपैकी वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर हे दोघे अमेरिकन स्वतःच अडखळत बोलत. 1930च्या सुमाराला आयोवा विद्यापीठात असं मत जोरात होतं, की मेंदूच्या दोन अर्ध्यांत मालक कोण हे ठरलं नाही की जीभ अडते. त्यापायी जॉन्सननी वर्षानुवर्षं डावखुरं होऊन पाहिलं. हात शिकला, जीभ ऐकली नाही.

मला सगळ्यात धरून ठेवतो तो वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाणं. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "तान". त्याच्या मेंदूत ब्रोकाला वाचेचं ठिकाण सापडलं. पण त्या ठिकाणाला जखम झाली तरी सगळंच जातं असं नाही. भाचीकडे येणाऱ्या एका आजोबांना पाणी मागता येत नाही, बायकोचं नाव घेता येत नाही. गणपतीची आरती मात्र ते टाळ्यांच्या ठेक्यावर शेवटपर्यंत म्हणतात. शिव्याही शाबूत आहेत. त्या घरच्यांनी आनंदानं ऐकल्या. आरतीला त्यांच्या पत्नी सोबत सुरुवात करून देतात आणि मग हळूच आपला आवाज काढून घेतात.

याच आजोबांना चित्रं दाखवून नावं विचारायची वेळ आली. बॉस्टन नेमिंग टेस्ट म्हणून एक प्रसिद्ध चाचणी आहे, 60 रेखाचित्रांची. त्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, आणि प्रेट्झेल नावाचा एक पीळ दिलेला खाऊ आहे. परळच्या चाळीत आयुष्य गेलेल्या माणसाला बीव्हर कुठून भेटणार? प्रेट्झेलपाशी मात्र आजोबा थांबले. ओठ हलले, भुवया वर गेल्या, खूप वेळ गेला, आणि ते म्हणाले, "क… कडबोळं."

आता भाचीच्या प्रबंधाचा विषय मराठी माणसाला ओळखता येतील अशी चित्रं निवडणं हाच आहे. सूप, उखळ, पाटा-वरवंटा असा संसार तिनं कागदावर मांडलाय आणि तो रोज संध्याकाळी आजीपुढे धरते. परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत. माझ्या मते कडबोळ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.