ई-पीक पाहणी: दोष, निदान आणि निवारण

पिकाच्या नोंदवहीत बिघाड झाला असता दुरुस्ती नोंदवहीची करावी की पिकाची, हा प्रश्न मराठवाड्याच्या महसुली व्यवहारात अलीकडे उपस्थित झाला असून, नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील अनुभव पाहता दुसरा पर्याय अधिक व्यवहार्य ठरतो. येथे नोंदवही म्हणजे सातबारा उताऱ्याचा खालचा भाग, अर्थात गाव नमुना बारा, ज्यात कोणत्या हंगामात कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे होते हे लिहिलेले असते. वरचा भाग, म्हणजे गाव नमुना सात, जमीन कोणाची हे सांगतो आणि त्यावर भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, परंतु प्रस्तुत विवेचनात त्याचे काम थोडेच आहे. नमुना बारामधील नोंद शेतकऱ्याने स्वतःच, मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करावी अशी व्यवस्था 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली आणि तिला ई-पीक पाहणी हे नाव मिळाले.

त्यापूर्वी हे काम तलाठ्याकडे असे, ज्यास 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि गाव अजूनही तलाठीच म्हणते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा याच कामासाठी पहाणी पत्रक नावाचा कागद होता. पुढे 1966 ची जमीन महसूल संहिता आणि तिच्या अनुषंगाने 1971 चे नियम आले, ज्यांच्या अपेक्षेनुसार तलाठ्याने पीक उभे असताना, गावकऱ्यांना आगाऊ कळवून, शेतोशेत फिरून पाहणी करावी. प्रत्यक्षात मात्र एक दुसरी परंपरा बळावली, जिला येथे सोयीसाठी चावडी संप्रदाय म्हणता येईल. या संप्रदायानुसार पाहणी करण्यासाठी पाहण्याची आवश्यकता नव्हती. मागील वर्षीचे पीक चालू वर्षीही तसेच पुढे ओढता येई, त्यामुळे ज्वारी शेतातून उठून गेल्यावरही नमुना बारामध्ये काही काळ डोलत राहिली असे जाणकार सांगतात. रेंज, बॅटरी व अक्षांश-रेखांश यांपैकी कशावाचूनही या पद्धतीचे अडत नसे, हा तिचा गुण विरोधकांनीही मान्य करण्यासारखा आहे.

नव्या पद्धतीत अडते, आणि अडले तर महाग पडते. 2023 च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे शासनाने ठरवले तेव्हा मूळ अट ई-पीक पाहणीतील नोंदीचीच होती. हमीभावाने सोयाबीन घालायचे, जो 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये होता, तर खरेदी केंद्राला पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. आणि पीक विम्यात एक पीक व पाहणीत दुसरे असे निघाल्यास पाहणीतले खरे धरले जाते. यावरून असा सिद्धान्त निघतो की नमुना बारामध्ये नसलेले सोयाबीन पावसाच्या, रानडुकराच्या आणि 2022 साली लातूरकडे कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीच्या दृष्टीने अस्तित्वात असते, मात्र शासनाच्या दृष्टीने ते रान रिकामे असते.

पहिला दोष प्रवेशाचा होय. ॲप उघडल्यावर चार अंकी सांकेतांक मागितला जातो, जो नोंदणीच्या वेळी लघुसंदेशाने आलेला असतो आणि विसरल्यास ‘सांकेतांक विसरलात?’ या प्रश्नावर बोट ठेवून परत मिळवता येतो. वरवर पाहता हा दोष किरकोळ आहे. तथापि सातबारा आजोबांच्या नावे, मोबाइल क्रमांक पुण्यात कंपनीत असलेल्या नातवाचा, रिचार्ज संपलेला आणि शेत चाकूर तालुक्यात, अशी रचना सर्वसाधारण असल्याने सांकेतांक पुण्यात येतो, नातू पाळीवर असतो आणि तो सुटेपर्यंत शेतात अंधार पडतो. उपाय असा की नोंदणी करताना जो माणूस पेरणीपासून राशीपर्यंत गावातच राहणार आहे त्याचाच क्रमांक द्यावा; असा माणूस घरात एकही नसल्यास तो दोष सॉफ्टवेअरचा मानू नये.

दुसरा दोष स्थानाचा, आणि त्याचा विचार विस्ताराने करणे भाग आहे. 2024 च्या रब्बीपासून आलेल्या आवृत्तीत, जी केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या चौकटीतली आहे, छायाचित्र घेणारा माणूस गटापासून 50 मीटरच्या आत असावा लागतो. माणूस कोठे उभा आहे हे सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह ठरवतात. मोबाइलला निदान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले की त्यांच्या वेळेतील फरकावरून अंतर व अंतरावरून ठिकाण काढले जाते. आपल्या शेतात उभा असलेला खातेदार गटापासून दूर असल्याचे ॲपने सांगितल्यास तीन शक्यता संभवतात. उपग्रहांचे हिशेब अजून जुळले नसावेत. गटाचा जुना नकाशा संगणकावर चढवताना थोडा सरकला असावा. अथवा खातेदाराचे आजोबा सत्तर वर्षे दुसऱ्याचेच रान वाहत आले असावेत. तिसरी शक्यता मोठ्याने उच्चारू नये, कारण शेजारच्या बांधावरचा माणूस नेमकी तीच ऐकण्यासाठी उभा असतो.

पहिल्या शक्यतेवर उपाय म्हणजे उघड्यावर, झाडापासून दूर, स्वस्थ उभे राहणे. आभाळ भरून आल्याने उपग्रह दिसत नाहीत हा समज चुकीचा असून ढगांचा या संदेशांना फारसा अडथळा होत नाही. लिंबाच्या किंवा चिंचेच्या गर्द फांद्यांचा मात्र होतो, आणि सावली पाहून उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला नेमके तेथूनच हलावे लागते. मोबाइलला रेंज असल्यास उपग्रहांची हालचाल त्याला इंटरनेटवरून तत्काळ कळते. रेंज नसल्यास ती थेट आकाशातून उतरवून घ्यावी लागते, ज्यास कधी अर्धा मिनिट पुरतो, तर सर्व उपग्रहांचे संपूर्ण वेळापत्रक मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. इतका वेळ हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणारे लोक काय झाले म्हणून विचारतात. त्यांना उत्तर देताना मान हलवली तरी चालते, मोबाइल हलवू नये.

सीमेवरील तालुक्यांचा प्रश्न वेगळा आहे. देगलूर, बिलोली आणि धर्माबाद येथे बांधावर उभे राहिले असता मोबाइल कधी कधी तेलंगणातील टॉवर पकडून खातेदाराचे परराज्यात स्वागत करतो, ज्यामुळे वयस्कर मंडळी विनाकारण विचारात पडतात. उपग्रहांना राज्याची सीमा ठाऊक नसल्याने गटाचे स्थान त्यामुळे बदलत नाही. किल्लारी परिसरात, जेथे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गावे उठून नव्या जागी बसली, घरे गेली आणि शेते जागेवर राहिली, तेथे घर ते शेत हे अंतर मुळातच वाढलेले आहे, त्यामुळे चार्जर घरी विसरणे या सामान्य दोषाची किंमत तेथे अधिक मोजावी लागते.

तिसरा दोष क्षेत्राचा असून तो सर्वांत घातक आहे, कारण तो ॲपला दिसत नाही. शेतकरी जमीन एकर व गुंठ्यांत मोजतो. सातबारा ती हेक्टर व आरमध्ये मोजतो. एकरात 40 गुंठे असतात, हेक्टरमध्ये 100 आर असतात, आणि गुंठा व आर जवळजवळ सारखेच असल्याने गोंधळाला उत्तम जमीन मिळते. दीड एकर लिहिताना लोक 1.20 लिहितात, म्हणजे एक एकर वीस गुंठे. ॲप तोच आकडा एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर, असा वाचते. समजा, खातेदाराचे एकूण क्षेत्र 2.00 हेक्टर, म्हणजे पाच एकर आहे, त्यात दीड एकर उडीद आणि साडेतीन एकर सोयाबीन आहे. उडदापुढे 1.20 लिहिताच ॲप ते विनातक्रार स्वीकारते आणि सोयाबीनसाठी 0.80 हेक्टर, म्हणजे दोनच एकर शिल्लक दाखवते. उरलेले दीड एकर सोयाबीन आता उडदाखाली गेले असून ते तेथून विमा कंपनीला दिसत नाही. योग्य आकडा 0.60 होय, आणि एकराला 0.40 हे कोष्टक बैठकीतल्या भिंतीवर, मुलांची उंची जेथे मांडतात त्याच्या शेजारी, लिहून ठेवण्यास हरकत नाही.

याहून खोल अडचण अशी की या भागात सोयाबीन एकरातही मोजले जात नाही, ते बॅगेत मोजले जाते. तीस किलो बियाण्याची एक बॅग साधारण एकराला पुरते, म्हणून ‘यंदा चार बॅगा टाकल्या’ म्हणजे चार एकर पेरले आणि ‘बॅगेला सात क्विंटल उतारा पडला’ म्हणजे एकरी सात क्विंटल झाले, हे लहान मुलालाही कळते. ॲपला कळत नाही. शिवाय दाट पेरणाऱ्याची बॅग एकराच्या आतच संपते, विरळ पेरणाऱ्याची पलीकडे जाते, त्यामुळे बॅग हे एकक जमिनीइतकेच पेरणाऱ्याच्या हाताचेही माप आहे आणि महसूल खात्याला हाताची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र रकाना काढावा लागेल. तोवर बॅगांचे हेक्टर करून घेणे हे घरातील दहावी झालेल्या व्यक्तीचे कर्तव्य राहते.

चौथा दोष मिश्र पिकाचा. सोयाबीनच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे एखाददुसरे तास ठेवण्याची रीत जुनी व शहाणपणाची आहे. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघून जाते, तूर त्यानंतरही रानात राहून थंडीत शेंगा भरते, आणि पावसाने एकाचा घात केला तर दुसरे हाताशी उरते. ॲपमध्ये निर्भेळ पीक व मिश्र पीक असे पर्याय असून मिश्र निवडल्यास प्रत्येक पिकाचे क्षेत्र वेगळे सांगावे लागते. एकाच मातीत एकमेकांच्या सावलीत उभ्या असलेल्या दोन पिकांचे असे वाटणीपत्र करणे तात्त्विकदृष्ट्या अवघड आहे, परंतु ज्या घरात दोन भावांनी एकाच विहिरीचे केले त्यांना ते जमते. चार तासांना दोन तास असेल तर दोन तृतीयांश व एक तृतीयांश असा हिशेब करावा. हिशेब टाळण्यासाठी सगळेच सोयाबीन लिहिणाऱ्याने जानेवारीत तूर हमीभावाच्या केंद्रावर नेऊ नये.

छायाचित्रासंबंधी फार सांगण्यासारखे नाही. पीक स्पष्ट दिसावे, बोट भिंगावर येऊ नये, आणि ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या आड दडलेली तूर शोधण्यासाठी वाकावे. नवी बंडी घालून पिकाच्या मधोमध उभे राहण्याचा वडीलधाऱ्यांचा आग्रह सौम्यपणे मोडून काढावा लागतो, ज्यासाठी ‘आबा, जरा बाजूला सरका, फोटोत तुमी नाही, तूर पायजे’ हे वाक्य या दोन्ही जिल्ह्यांत उपयोगी पडते. मोबाइलमध्ये जागा नसल्याने छायाचित्र साठत नसेल तर सुप्रभातचे संदेश व लग्नांच्या चित्रफिती काढून टाकाव्यात. पुतण्याच्या लग्नाची काढली असता घरात उद्भवणारे दोष या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

पाचवा दोष पाठवण्याचा, ज्याला गावोगाव ‘लोड आलाय’ असे म्हणतात. खरिपाची मुदत सहसा ऑगस्टच्या आरंभी सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्याला संपते, आणि मुदतीच्या पहिल्या आठवड्यात मोकळा असलेला सर्व्हर शेवटच्या दोन दिवसांत राज्यभरच्या शेतकऱ्यांनी एकदम गाठल्यामुळे गोल गोल फिरत राहतो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसलेल्यांना ती अनेकदा मिळालीही आहे, त्यामुळे हा भरवसा अंधश्रद्धेत मोडत नाही. तरीही पहाटे गुरांच्या धारा काढण्याच्या वेळी प्रयत्न करणे श्रेयस्कर, कारण त्या वेळी शहरातील मुलांचे मोबाइल झोपलेले असतात. मात्र ‘ॲप उडवून पुन्हा टाका’ हा पानटपरीवरील सल्ला पाळण्यापूर्वी, मोबाइलमध्ये भरून ठेवलेली परंतु अद्याप न पाठवलेली माहिती ॲपबरोबरच उडते हे ध्यानात घ्यावे. मुदत टळलीच, तर उरलेल्या गटांची पाहणी करण्यासाठी गावात सहायक नेमलेला असतो. तोही याच उपग्रहांवर व याच सर्व्हरवर अवलंबून असल्याने त्याला चहा देताना धीर सोडू नये.

राहिला प्रश्न झालेल्या चुकीचा. नोंद पाठवल्यापासून 48 तासांच्या आत खातेदारास ती स्वतः दुरुस्त करता येते. या अवधीत चूक सहसा लक्षात येत नाही, कारण ती लक्षात आणून देणारा माणूस, म्हणजे विमा प्रतिनिधी अथवा खरेदी केंद्रावरील कारकून, ऑक्टोबरनंतरच भेटतो. 48 तास उलटल्यावर अर्ज घेऊन सज्जावर, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयात जावे लागते आणि तेथून, प्रकरणाच्या गांभीर्यानुसार, तहसीलपर्यंत. दरम्यान सोयाबीन कापून, गंजी लावून, मळून झालेले असल्याने प्रत्यक्ष पाहणीसाठी शेतात फक्त धसकटे उरतात. ती सोयाबीनचीच असल्याचे जाणत्या नजरेला कळते, म्हणून अर्जाचा निकाल लागेपर्यंत रान नांगरू नये, आणि ओल उडून जाण्याच्या भीतीने थांबणे शक्य नसल्यास हरभरा धसकटांच्या मधूनच पेरावा. हरभऱ्याची नोंद रब्बी हंगाम सुरू झाल्यावर वेगळी करावी लागते. त्यासाठी ॲप आधी अद्ययावत करून घ्यावे, कारण खरिपातले जुने बहुधा उघडत नाही.