जांभ्याची वाटणी : नवशिक्यांसाठी सोपी कृती

पाचगणीच्या टेबललँडवर पावसाने लाखो वर्षं राबून बेसॉल्टमधली बरीचशी सिलिका धुऊन नेली आणि वर लाल जांभा ठेवला. पण त्यातलं लोखंड आणि ॲल्युमिनियम काही त्याला वेगळं करता आलं नाही. ते राहिलेलं काम आपण संध्याकाळच्या चहाआधी उरकायचं आहे.

प्रथम दगड. तो टेबललँडवरून उचलू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि ‘विज्ञानासाठी नेतोय’ ही सबब कुठल्याच पहारेकऱ्याला नवी नसते. पाडलेल्या जुन्या घराचा एखादा जांभ्याचा चिरा मागून घ्यावा. मूठभर कुटून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बराच वेळ तापवावा, गाळावा. पिवळंजर्द द्रावण मिळेल. त्यात अमोनिया घातला तर दोन्ही धातू एकदमच तळाशी बसतात. घाईच्या माणसांची कृती इथेच संपते.

बाकीच्यांनी द्रावणातलं आम्ल ६ मोलरवर आणावं, म्हणजे बाटलीतल्या तीव्र आम्लाच्या साधारण निम्म्या ताकदीचं. गार करून सेपरेटिंग फनेलमध्ये ओतावं, वर ईथर घालावं. बूच लावून उलटं धरावं, एकदा हलवावं आणि लगेच तोटी उघडून वाफ सोडावी. तोटीचं तोंड शेजाऱ्याकडे नको. समुद्रसपाटीला ईथर ३४.६ अंशांना उकळतं. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, तिथे ते ३० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे तळहाताची ऊब पुरे. पावसाळ्यात लाइट गेली तर मेणबत्ती लावू नये. ही सूचना एकदाच देतो, दुसऱ्यांदा द्यायला सहसा कोणी उरत नाही.

थर सुटले की वरचं ईथर पिवळं दिसेल, खालचं द्रावण फिकं. लोखंड वर गेलं. तीव्र आम्लात लोखंडाचा आयन चार क्लोराइड अंगावर घेतो, पाण्याशी त्याचं जमेनासं होतं आणि तो ईथरचा आसरा धरतो. ॲल्युमिनियम पाण्याचे रेणू सोडायला तयार नसतं, ते खालीच राहतं. खालचा थर काढण्याआधी बूच काढावं. नवशिके हे हमखास विसरतात आणि तोटीला शिव्या देतात.

ईथर एकदम ओतू नये. समजा १०० मिलिलिटरच्या एका धुण्यात लोखंडाचा दहावा हिस्सा मागे राहतो. तेवढंच ईथर ५०-५० असं दोनदा वापरलं तर मागे फक्त तिसावा हिस्सा राहतो. काटकसर अशी रसायनशास्त्रातच जमते.

आता खरी पंचाईत. जांभ्यात गॅलियमही असतं, अगदी थोडं. निसर्गात ते ॲल्युमिनियमला चिकटून राहतं. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने त्याचं भाकीत केलं तेही ॲल्युमिनियमचा धाकटा भाऊ म्हणून, आणि १८७५ मध्ये ते सापडलं. पण फनेलमध्ये शिरताच हा धाकटा थोरल्याला सोडून लोखंडाबरोबर ईथरमध्ये जातो. म्हणून ते पिवळं ईथर साध्या पाण्याबरोबर हलवावं. आम्ल उतरलं की दोघंही मुकाट पाण्यात परततात. पुन्हा आम्ल वाढवावं आणि पिवळा रंग जाईपर्यंत टायटॅनियम ट्रायक्लोराइडचे जांभळे थेंब सोडावेत. लोखंडाचा एक भार कमी होतो आणि ईथरची वाट त्याला बंद होते. मग ईथर घालून हलवलं की गॅलियम एकटंच वर जातं. ॲस्कॉर्बिक आम्लही चालतं. ते स्ट्रॉबेरीत असतं हे खरं, पण रस ओतू नये.

हा डाव किरकोळ समजू नका. १९६४ मध्ये सुरू झालेल्या तुर्भ्याच्या प्रकल्पात युरेनियमपासून प्लुटोनियम वेगळं काढतात ते याच चालीने: एकाचा भार उतरवायचा आणि त्याला पाण्यात पाठवायचं. तिथे ईथरऐवजी ट्रायब्युटिल फॉस्फेट असतं, इतकंच. ज्यांना सगळ्या धातूंच्या खोडी जाणून घ्यायच्या आहेत त्यांनी पवईच्या आयआयटीतल्या एस. एम. खोपकरांनी अनिल डे आणि चामर्स यांच्याबरोबर लिहिलेला १९७० चा इंग्रजी ग्रंथ मिळवावा.

उत्पन्नाचा अंदाज असा : जांभ्याच्याच जातीच्या बॉक्साइटात जगभर किलोमागे सरासरी ५० मिलिग्रॅम गॅलियम असतं, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. तुमचा चिरा मूठभर, तेव्हा दाण्याचाही तुकडाच. ईथरचं बिल वेगळं. हाताशी येतं तेही क्लोराइड. चकचकीत धातू हवा तर त्यातून वीज सोडावी लागते. लाइट आली का, ते आधी बघा.